बोरकरांच्या गाडीवरून चिचगावची मंडई

भंडाऱ्याला माझी नेमणूक झाली तेव्हा आमच्या नगरकडच्या नातेवाइकांनी मला दोनच प्रश्न विचारले. तिकडे वाघ आहेत का, आणि तिकडे भाकरी मिळते का? आता दोन्हींची उत्तरं देता येतात. वाघ मी अजून पाहिलेला नाही, आणि भाकरीही पाहिलेली नाही. इथला माणूस सकाळी भात खातो, दुपारी भात खातो आणि रात्री पाहुणा आला की त्याच्यासाठी मुद्दाम जास्तीचा भात टाकतो. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीत डोकावलं की तळाचे दगड दिसतात. इथे गावागावाला तलाव, तलावात मासे, झिंगे, सिंगाडे, आणि पाळीवर बसून त्या पाण्याकडे बघत विडी ओढणारी सुखी माणसं. या मुलुखाचा मला पहिल्या महिन्यातच हेवा वाटू लागला होता. पण तो जमिनीचा हेवा, त्याने फार त्रास होत नाही. खरा त्रास मला बोरकरांनी दिला.

हे वर्णन चिचगावच्या मंडईचं आहे. परंतु मंडईला मी मोटारसायकलवरून गेलो आणि ती मोटारसायकल आधी बोरकरांची होती, त्यामुळे बोरकर यात येणारच. माझा नाइलाज आहे.

शेतकी खात्यातल्या ज्या खुर्चीवर मी बसतो तिच्यावर माझ्याआधी बोरकर बसत. ज्या खोलीत मी राहतो तिच्यातही तेच राहत असत, आणि 'बोरकर साहेब मोरीबाहेर कधी पाणी सांडवत नव्हते' असं घरमालकीण मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. बदली होऊन ते चंद्रपूरकडे गेले तेव्हा आपली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल ऑफिसातल्या कारकुनापाशी विकायला ठेवून गेले. ती मी घेतली. त्यांची माझी गाठ कधी पडली नाही. त्यांना बायको होती, दोन मुलं होती, त्यांनी माझं काडीचंही वाकडं केलं नव्हतं. तरी मी त्यांच्यावर मनापासून जळत असे. कारण त्या गाडीचा फटफट आवाज अख्ख्या भागात ओळखीचा होता. मी एखाद्या गावात शिरलो की आवाज ऐकून बाया चहाचं आधण ठेवत, म्हातारे काठी टेकत बाहेर येत, आणि हेल्मेट काढलं की त्यांचा चेहरा उतरे. 'आँ? बोरकर साहेब नाही का जी?' वर्षभर मी हे एकच वाक्य ऐकत होतो.

आता मंडईविषयी. दिवाळी झाली की वैनगंगेकाठच्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दुकानं लागतात, पाळणे येतात, गोवारी लोक सजवलेली ढाल घेऊन नाचतात, ढोलकीवरच्या नाचगाण्यांचा खेळ, दंडार, होते, रात्री नाटक. ज्या गावाची मंडई त्या गावातल्या घराघरात पाहुण्यांची रीघ लागते, आणि एवढे सोयरे एका जागी जमलेच आहेत तर मुलामुलींची लग्नंही तिथेच ठरतात. आमच्याकडे मुलगी पाहायला जायचं म्हणजे बैलजोडी बघायला निघाल्यासारखे चार जण टोप्या घालून निघतात. इथे म्हणायचं फक्त, 'मंडईले या.' समजणाऱ्याला समजतं.

मला 'मंडईले या' म्हणाले ते अड्याळचे मेश्राम गुरुजी. निवृत्त शिक्षक, बुटके, बोलके. चिचगावला त्यांच्या बहिणीची मुलगी होती, सुनंदा, तिथल्याच शाळेत शिक्षिका. मी तिला एकदाच पाहिलं होतं. भंडाऱ्याला बियाण्यांच्या प्रदर्शनात ती शाळेतली मुलं घेऊन आली होती आणि माझ्या टेबलावरच्या धानाच्या दोन वाणांचे फलक उलटे लागले आहेत, हे तिने मला हळूच सांगितलं होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. गुरुजींनी विचारलं तेव्हा मी 'बघू' म्हणालो, आणि दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडे नवा शर्ट टाकला.

अड्याळ

सकाळी भंडाऱ्याहून निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं, आणि शेतातून त्याचे गोल रचलेले ढीग उभे होते. त्यांना इथे पुंजणे म्हणतात. हवेला ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास होता. गाडी छान चालली होती, मीही छान होतो. गुरुजींच्या दारात गाडी बंद केली तेव्हा शेजारच्या घरातून एक म्हातारी लगबगीने बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

"जयभीम साहेब! या जी, या!" गुरुजींनी हात धरून आत नेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली तांब्याच्या गडव्यात झेंडूची फुलं. जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि सुक्या झिंग्यांची चटणी. लाखोळी खाल्ली की पाय लुळे पडतात असं आमच्याकडे सांगत. मी बेताने खातोय हे गुरुजींच्या बायकोच्या लक्षात आलं.

"खा नं जी. बोरकर साहेब दोन वाट्या खात होते."

मी तीन वाट्या खाल्ल्या.

जेवण झाल्यावर पिशवी उघडली. रस्त्याच्या धक्क्यांनी मोबिल ऑइलच्या डब्याचं झाकण सुटून सगळं तेल नव्या शर्टाने पिऊन टाकलं होतं. गुरुजींनी आपला एक धुतलेला सदरा दिला. तो मला रुंदीला दुप्पट आणि लांबीला निम्मा होता. शर्टाचं दुःख गिळलं, पण तेलाचं काय? गाडीची टाकी तळाला गेलेली, बरोबरच्या कॅनमध्ये पेट्रोल होतं, पण नुसतं पेट्रोल घालून भागत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळलं नाही तर पिस्टन तापून जागीच धरतो आणि गाडी कायमची बसते. अड्याळचं एकुलतं दुकान बंद होतं, दुकानदार सासुरवाडीच्या मंडईला गेलेला.

"टोरीचं तेल आहे नं घरी," गुरुजींची बायको म्हणाली. टोरी म्हणजे मोहाची बी. इकडे तिचं तेल काढतात, दिव्यात जाळतात, तळणालाही वापरतात. "बोरकर साहेब दर हिवाळ्यात बाटली भरून नेत होते इथून. याच गाडीच्या डिक्कीत ठेवत."

ते तेल बोरकर कशासाठी नेत, हे मी विचारलं नाही. याच गाडीच्या डिक्कीत ठेवत म्हटल्यावर विचारायचं काय उरलं? बोरकरांची गाडी टोरीच्या तेलावर चालत असेल तर माझी चालायला काय झालं? मी कॅनमध्ये बाटली उपडी केली, खळखळ हलवलं आणि टाकीत ओतलं. संध्याकाळी तलावापर्यंत एक फेरी मारून आलो. एका किकेत सुरू झाली. धूर जरा पांढरा निघत होता आणि त्याला पुऱ्या तळल्याचा वास होता. गावातली कुत्री मागे लागली, पण ती पूर्वीही लागतच.

दुसऱ्या दिवशी

पहाटे चांगलीच थंडी पडली होती. इकडची थंडी ओली असते, तलावावरून येते आणि हाडात शिरते. चहा घेतला, गुरुजी मफलर बांधून मागे बसायला तयार झाले, मी किक मारली. काही नाही. चोक ओढून मारली. काही नाही. दहा-बारा किका झाल्यावर गुरुजी खाली उतरले.

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल आणि हवा. एवढं मला येत होतं. प्लग काढला. काजळी धरून ओला झाला होता. पुसला, चुलीच्या निखाऱ्यावर शेकला, टोपण लावून सिलिंडरला टेकवला आणि हातानेच किक दाबली. निळी ठिणगी स्वच्छ दिसली. मग पेट्रोलची नळी काढून पाहिली, धार येत होती. हवेची जाळी झटकली. ठिणगी पाडणारे पॉइंट घासून घेतले, त्यांच्यातलं अंतर दाढीच्या पात्याने तपासलं. सगळं जागच्या जागी. किक मारली, आणि गाडीने एक उसासा सोडला.

एव्हाना निम्मं अड्याळ जमलं होतं. बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं जमतात हे आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडे जो तो स्वतःची अक्कल सांगतो. इथे सगळे बोरकरांची सांगत होते.

"बोरकर साहेब डाव्या पायानं किक मारत होते जी."

"नाही गा! उजव्यानंच. पण गाडी आधी वाकवत होते, अशी, जमिनीपर्यंत."

"त्याईले किक लागतच नव्हती. टाकीवर थाप मारली का चालू!"

एक फेटेवाला म्हातारा विचार करून म्हणाला, "ते डोळे मिटत होते. डोळे मिटून मारत होते."

"गाडीले मालकाचा पाय वळखू येते," दुसरा म्हणाला. "बैलासारखंच आहे ते. नव्या धन्याचं आयकाले टाइम लागते."

मी नवा धनी! वर्षभर तिचं ऑइल-पाणी मी केलं, चेन मी बदलली, आणि तिला पाय ओळखीचा बोरकरांचा. मला त्या गाडीचाही राग आला. चार जणांनी ढकलत तलावाच्या पाळीवर नेली, उतारावरून दुसऱ्या गिअरमध्ये सोडली. मी खालपर्यंत निमूट घरंगळत गेलो. पुन्हा वर, पुन्हा खाली. सदरा घामाने पाठीला चिकटला. शेवटी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर तेवढा राहिला होता. तोही उघडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. त्याच्या तळाची वाटी काढून पाहिली तर आत पेट्रोल झकास, कचऱ्याचा कण नाही. पुन्हा बसवला.

आता सांगायला हरकत नाही. सगळे चहाला वळलेले पाहून मी गाडी जमिनीपर्यंत वाकवली. टाकीवर थाप मारली. डावा पाय किकेवर ठेवला. आणि डोळे मिटले.

गाडी सुरू झाली.

"पाहा जी!" फेटेवाला म्हातारा ओरडला. त्याचा चहा सांडला. "सांगून राहिलो होतो का नाही! बोरकर साहेबाची रीत हाय ते!"

सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. त्या मला नव्हत्या.

पवनीचा घाट

गुरुजी मागे बसले आणि पवनीपर्यंत माझ्या कानात बोरकरांबद्दल बोलत राहिले. बोरकरांनी कुणाला खत मिळवून दिलं, बोरकर कुणाच्या मातीला आले, बोरकरांनी गुरुजींच्या बहिणीला ताप आला तेव्हा याच गाडीवरून लाखांदूरच्या दवाखान्यात नेलं.

"कोणत्या बहिणीला?" मी विचारलं.

"चिचगावच्या. सुनंदाच्या मायले."

म्हणजे तिथेही ते आधी पोचले होते. मी गिअर जरा जोरात बदलला. बोरकर दोन मुलांचे बाप होते हे मला ठाऊक होतं. परंतु त्या घरात शिरताना मला त्यांच्या मागून शिरावं लागणार होतं, त्यांनी बसलेल्या जागी बसावं लागणार होतं, आणि सुनंदा गाडीचा आवाज ऐकून कुणाला बघायला दारात येणार होती, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

वैनगंगा तिथे रुंद आहे. पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक हिरवी रेघ. आमच्या नद्या पावसाळ्याच्या चार दिवसांपुरत्या नद्या असतात, एरवी त्यांत बैलगाड्या उभ्या राहतात. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. काठावर ढिवरांच्या, म्हणजे इथल्या कोळ्यांच्या, बायका उकडलेले सिंगाडे विकत होत्या. काळं टरफल सोललं की आत पिठूळ, गोडसर गर निघतो. गुरुजींनी पसाभर घेतले. गाडी नावेतून न्यायची होती. नाव काठाला लागली तशी नावाड्याने गाडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"बोरकर साहेबाची गाडी! कसे हायेत जी साहेब?"

"मजेत आहेत," मी म्हणालो. मला काय ठाऊक?

"ते एकटेच चढवत होते गाडी. कोनाले हात लावू देत नव्हते."

तो आणि दोघे जण हात लावायला पुढे आले होते. मी त्यांना थांबवलं. फळीवरून गाडी एकट्याने वर ढकलली. निम्म्यापर्यंत गेली. मग मागचं चाक फळीवरून सरकलं आणि मी गाडीसकट गुडघाभर पाण्यात बसलो. नावाडी, त्याचे दोन सोबती, सिंगाडेवाल्या आणि गुरुजी यांनी मिळून गाडी बाहेर काढली. सुदैवाने इंजिन पाण्यात बुडालं नव्हतं. बूट मात्र बुडाले.

"बोरकर साहेब उन्हाळ्यात येत," नावाडी समजुतीने म्हणाला. "तवा पानी कमी राहते."

त्याला हे आधी सांगता आलं असतं.

नाव मधोमध आली. पाणी वल्ह्याला लागून हळू वाजत होतं. मी गाडीला धरून उभा होतो. अशा जागी माणसाच्या मनात चांगले विचार यायला हवेत. माझ्या मनात आलं की या जागी बोरकरही गाडीला धरून असेच उभे राहिले असतील, आणि त्यांचे बूट कोरडे असतील.

चिचगाव

दुपारच्या उन्हात गाडी एका किकेत निघाली. दिवस कलताना चिचगावात शिरलो तेव्हा आमच्या मागून तळणीचा वास दरवळत येत होता. मंडई दुसऱ्या दिवशी होती, पण दुकानांच्या राहुट्या पडायला लागल्या होत्या. सुनंदाच्या वडिलांनी, दामोदररावांनी, दारात पाय धुवायला पाणी दिलं. घर पाहुण्यांनी भरलेलं. सुनंदा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं, ओल्या बुटांकडे पाहिलं. हसली नाही, पण हसू दाबायला तिला कष्ट पडले. मला ते फार आवडलं. मग दामोदरराव म्हणाले, "बसा जी, बोरकर साहेबाची हेच जागा," आणि माझ्या तोंडची चव गेली.

मंडईची सकाळ उजाडली ती धुक्यात. दारात माणसं जमली होती. दंडारीचा ढोलकीवाला लाखांदूरला अडकला होता, त्याची एसटी चुकली होती. ढोलकीशिवाय दंडार होत नाही, आणि दंडारीशिवाय मंडई ही कसली? सगळ्यांनी अंगणातल्या मोटारसायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता घेऊन येतो," मी म्हणालो. सुनंदा दाराशी उभी होती.

किक मारली. काही नाही. चोक ओढला, मारली. वाकवली, थाप मारली, डावा पाय लावला. सगळ्यांदेखत डोळेही मिटले. कुणीतरी हसलं. प्लग काढला, ठिणगी दाखवली, बसवला. माझ्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. आणि मागून तो आवाज आलाच: "बोरकर साहेब राहिले असते तं..."

मी पान्हा घेतला आणि कार्बोरेटरच उघडला. वाटी हातात आली आणि मी बघतच राहिलो. आत पेट्रोलच्या तळाशी पांढरं, दह्यासारखं काहीतरी बसलं होतं. पेट्रोल वर ओढणाऱ्या जेटच्या बारीक भोकातही तेच. अड्याळला तर इथे काहीच नव्हतं!

सुनंदा पायरी उतरून आली. हाताला वड्यांसाठी भिजवलेलं बरबटीचं, म्हणजे चवळीचं, पीठ लागलेलं होतं. तिने वाकून वास घेतला.

"कालपासून वास येऊन राहिला होता," ती म्हणाली. "टोरीचं तेल टाकलं का तुम्ही यात?"

मी मान डोलावली.

"मग बरोबर आहे. हिवाळ्यात गोठते ते. आम्ही बाटली उन्हात ठेवतो, तेव्हा कुठं धार पडते." ती घरात वळून ओरडली, "माय, आंघोळीचं पाणी दे थोडं, कढत!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रात्रभर पेट्रोल उडून जायचं आणि तेल वाटीत थिजून बसायचं. अड्याळला मी वाटी उघडली ती भर उन्हात, तोवर ते विरघळून गेलेलं. डोळे मिटण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. वाटी आणि जेट कढत पाण्यात धुतले, फुंकून कोरडे केले. उरलेलं पाणी कार्बोरेटरच्या अंगावर बाहेरून ओतलं. दुसऱ्या किकेला गाडी फटफटली आणि पांढऱ्या धुराचा लोट अंगणभर पसरला.

मी अभिमानाने वर पाहिलं. दामोदरराव डोळे पुसत म्हणत होते, "बोरकर साहेबाची गाडीच तशी हाय जी! टोरीच्या तेलावर बी चालते!"

लाखांदूरहून ढोलकीवाल्याला आणि ढोलकीला घेऊन आलो. येताना दुकानातून मोबिल ऑइलही घेतलं. गावाच्या वेशीवर पोरांनी आणि दंडारीवाल्यांनी गलका केला, गोवाऱ्यांची ढाल तिथे उभी होती, ढोलकीवाल्याने मागे बसल्याबसल्याच थाप मारली. तो क्षण चांगला होता. तेवढ्या क्षणापुरतं बोरकरांचं नाव कुणी घेतलं नाही. मी मात्र कान देऊन वाट पाहत होतो.

दुपारी मला सुनंदाशी बोलायला मिळालं. आमच्याकडे मुलगी मान खाली घालून पोह्यांची बशी आणते आणि मोठी माणसं तिला प्रश्न विचारतात. इथे दामोदरराव नुसतं म्हणाले, "बोला नं जी, तुमीच इचारा," आणि मंडईत निघून गेले. ती छपरीत माझ्यासमोर बसली. आतून वडे तळल्याचा आवाज येत होता. केसांना तिने झेंडूचं एक फूल लावलं होतं, आणि ते माझ्यासाठी लावलं असावं, असं मला क्षणभर वाटलं.

"बोरकर साहेब टोरीचं तेल नेत असत," मी सुरुवात केली. "ते गाडीत घालत नव्हते का?"

"गाडीत?" ती हसली. "टाचांना लावायचे. हिवाळ्यात त्यांच्या टाचा भेगाळत होत्या."

मला जरा बरं वाटलं. टाचांना भेगा पडणारा बोरकर मला प्रथमच कळत होता.

"पण गाडी त्यांची थंडीत एका किकेत सुरू व्हायची?"

"मी नाही पाहिलं. मी शाळेत गेली राहायची तेव्हा."

"तुमच्या आईला दवाखान्यात नेलं तेव्हा?"

"तेव्हा उन्हाळा होता."

"आणि मंडईला? दंडारीच्या ढोलकीवाल्याला त्यांनी कधी आणलं होतं?"

"नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्याला तुम्हीच आणलं."

मी पुढचा प्रश्न शोधत होतो. ती थांबली होती. हाताने तिने पदराचं टोक नीट केलं. "आणखी काही विचारायचं आहे का?"

"ते तुम्हाला पत्र वगैरे पाठवतात का? बोरकर?"

"वडे करपतील," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

वडे छान झाले होते. बाहेरून कुरकुरीत, आत हिरवी मिरची. मी चार खाल्ले. बोलणं चांगलं झालं असं माझं मत होतं. टाचांचं कळल्यापासून तर मी खुशीत होतो. ढोलकीचा आवाज येत होता, दंडारीचं पहिलं गाणं सुरू झालं होतं, आणि मला वाटत होतं की हे गाव, ही मंडई, ही मुलगी, सगळं आता माझंच आहे.

ऊन उतरल्यावर गुरुजी मला तलावाच्या पाळीवर फिरायला घेऊन गेले. ते पाळीवरचे खडे पायाने पाण्यात ढकलत चालले होते.

"पोरगी नाही म्हणते जी," शेवटी ते म्हणाले.

"काहून?" मी म्हणालो. इथली भाषा माझ्या तोंडून तशी त्याआधी कधी निघाली नव्हती.

"मी भल्ला समजावलं. नोकरी आहे, सुपारीचं खांड खात नाही, सभाव चांगला आहे. म्हणे, मामाजी, असन. पण या पावण्याले सोयरीक बोरकर साहेबासंग करायची दिसते, माह्यासंग नाही."

मी काहीतरी म्हणणार होतो. बोरकरांमुळेच हे झालं, असंच काहीसं मनात आलं होतं, आणि ते ओठांवर येऊन थांबलं.

"मी म्हटलं, अवं, असं नोको म्हणू, त्याईच्या मनात तू हायेस," गुरुजी म्हणाले. "तं म्हणे, मग इचारून पाहा त्याईले, मी कोणत्या वर्गाले शिकवते."

गुरुजी थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. त्यांना उत्तर हवं होतं, ते घेऊन त्यांना धावत घरी जायचं होतं. मी तलावाकडे पाहिलं. ती कोणत्या वर्गाला शिकवते, हे मला ठाऊक नव्हतं.